पहिला भात सोडला, मागचा ठेवला

आमच्या सासरी ताटात पहिला मान भाताचा. म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असं वाढून झालं की मधोमध भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तुपाची धार, आणि सगळ्यांनी आधी तेच कालवायचं, मग पोळी-भाजीकडे वळायचं आणि शेवटी परत भात, ताकाबरोबर, त्याला मागचा भात म्हणतात. मी मंगळवेढ्याकडची. आमच्याकडे भात म्हणजे सणावाराला नाहीतर कोणी आजारी पडलं तर. लग्न होऊन आले तेव्हा दोन्ही वेळेला भात बघून मला वाटलं होतं की ह्या घरात सगळे कायमचे आजारी आहेत की काय. पण पंचवीस वर्षांत मी त्यांच्याहून जास्त भातखाऊ झाले आणि मग एक दिवस खरंच आजारी निघाले.

ऑफिसमध्ये हेल्थ चेकअपचा कॅम्प होता, फुकट होता म्हणून रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे आमच्याच सेक्शनमधली मैत्रीण, चांगली अंगापिंडाने भरलेली, तिची साखर नॉर्मल आणि माझी उपाशीपोटी १६२. मी त्या पोरीला म्हटलं बघ गं नीट, कागद इकडचे तिकडे झाले असतील. नव्हते झाले. नंतर लॅबमध्ये परत केलं तर जेवणानंतरची २४८ आणि एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.४. उपाशीपोटी १२६ किंवा वर आणि एचबीएवनसी ६.५ किंवा वर गेलं की डायबेटीस धरतात, म्हणजे मी काठावर वगैरे नव्हतेच, चांगली आत होते, आणि किती वर्षं आत होते देव जाणे. वजन किती? ४९ किलो!

ह्या वजनावरून मला जे ऐकावं लागलंय ना, की तुला कसा काय झाला, तू तर काडी आहेस, तुझं काहीतरी टेन्शन असेल. शेवटी माझ्या लेकीने मला एक फोटो दाखवला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले डॉक्टर मित्र जॉन युडकिन, दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर त्या साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलाय हा फोटो. म्हणजे आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून लोणी. मी तो फोटो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलाय, कोणी 'तू तर काडी' म्हणालं की काढून दाखवते.

तर डॉक्टरांनी मेटफॉर्मिन चालू केलं, आणखी एक गोळी दिली (तिची गंमत पुढे सांगते) आणि डाएटचा एक कागद दिला. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेला. सकाळी ओट्स, अकराला एक सफरचंद, दुपारी दोन फुलके, उकडलेली भाजी, सॅलड, संध्याकाळी मारी बिस्किटं दोन, रात्री सूप आणि ब्राऊन ब्रेड. भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, आंबा बंद, केळं बंद, तळलेलं बंद. कागदाच्या खाली लिहिलेलं 'आनंदी रहा'. मी त्या ओळीकडे बघून इतकी हसले की ह्यांना वाटलं मला काहीतरी झालं.

पण तरी केलं हो सगळं. दोन अडीच महिने केलं. माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं निघालं, त्यात माझी बिनतेलाची बिनफोडणीची दुधीची भाजी. सासूबाई त्याला 'हिचं पथ्याचं' म्हणायच्या. बाकी घराला मी स्वतः आमटी-भात, बटाट्याच्या काचऱ्या, रविवारी बांगड्याचं तिखलं करायचं, सगळ्यांना वाढायचं आणि मग आपलं पथ्याचं पातेलं घेऊन बसायचं. मला विचाराल तर ह्या आजाराचं सगळ्यात वाईट काय असेल तर ते वेगळं पातेलं. साखर, गोळ्या, सुया हे सगळं परवडलं.

आणि एवढं करून तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.९. डॉक्टर म्हणाले पथ्य पाळत नाही तुम्ही. मला रडूच आलं.

घरी येऊन लेक म्हणाली आई, तू आठवडाभर सगळं लिही, जे तोंडात जाईल ते सगळं, खोटं नाही लिहायचं. मी म्हटलं त्यात काय, दुधी आणि फुलके. पण लिहायला लागले आणि तिसऱ्याच दिवशी मला कळलं की माझं जेवण दोन प्रकारचं आहे, एक ताटातलं आणि एक ताटाबाहेरचं. ताटातलं सगळं कागदाप्रमाणे. ताटाबाहेरचं म्हणजे, सासूबाईंनी अर्धी टाकलेली पोळी, टाकून कशी द्यायची. पातेल्याला खाली लागलेला भात, दोन-तीन घास, उद्या कोण खाणार. लेकीच्या डब्यातून परत आलेले पोहे. चहा गाळताना साखर बरोबर आहे का ते बघायला एक घोट, तोही दिवसातून चार वेळा कारण चहा चार वेळा होतो. आणि हे सगळं रात्री साडेदहाला, ओटा पुसता पुसता, उभ्याने. एका दिवशी मी हे ताटाबाहेरचं जमवून एका वाडग्यात काढून ठेवलं, खाण्याऐवजी, बघू म्हटलं किती होतंय. एका माणसाचं जेवण होतं ते! माझ्या फुलक्या-दुधीपेक्षा जास्त.

माझ्या वयाच्या किती बायका असं जेवत असतील मला माहीत नाही पण माझ्या ओळखीच्या तरी सगळ्या. सगळ्यात शेवटी, उरलेलं, आणि उभ्याने. डाएटच्या कागदावर ह्याला रकाना नसतो.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक, साडेआठला सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं, माझं ताट सगळ्यात आधी वाढून घ्यायचं आणि एकदाच वाढून घ्यायचं, ज्याला आणखी पोळी हवी त्याने हात लांब करून घ्यावी, डबा टेबलावरच असतो. सुरवातीला हे इकडेतिकडे बघायचे, सवय नव्हती ना. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी मिळते आणि तो ज्यांना साखर नाही ते खातात. दुसरं म्हणजे मशीन घेतलं. ग्लुकोमीटर. डॉक्टरांनी सांगितलं होतं महिन्यातून एकदा बघा, पण मी ते वेगळ्या कामाला लावलं.

त्याच्या पट्ट्या महाग असतात, एक वीस-पंचवीस रुपयांना पडते, म्हणून उधळपट्टी नाही करता येत, पण एक महिना मी ठरवून खर्च केला. एका पैठणीच्या मानाने काहीच नाही. करायचं काय तर एखादा पदार्थ खायच्या आधी एकदा टोचायचं आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी परत (जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून, हे मला पण उशिरा कळलं). डॉक्टरांनी मला दोन तासांचा आकडा १६० ते १८० च्या आत सांगितलाय. बोटाच्या पेरावर मधोमध नाही टोचायचं, कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं, नाहीतर पोळ्या लाटताना आई आठवते. आणि आधी हात धुवायचे, मी एकदा केळं सोलून तसंच टोचलं आणि २९० बघून घाम फुटला, हात धुऊन परत केलं तर १४८.

तर त्या महिन्यात काय काय निघालं सांगते. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, म्हणून मशीन.

कांदेपोहे एक प्लेट, २१२. मी समजत होते पोहे हलके. हलके असतात पचायला, म्हणून तर धावत रक्तात जातात. मग मी पोहे निम्मे केले आणि निम्मी मोड आलेली मटकी वाफवून घातली, शेंगदाणे, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबू, १६१. आणि चवीला काही वाईट लागत नाही हो, उलट आमचे हे आता तसेच मागतात.

नाचणीची आंबील, सगळे सांगतात डायबेटीसला नाचणी चांगली, गोड न घालता ताक घालून प्यायले तरी २०४. नाचणीची भाकरी खाल्ली भाजीबरोबर तर तेवढं नाही वाढलं. माझ्या डोक्याप्रमाणे बारीक पीठ, वर शिजवून पातळ केलेलं, चावायलाच नाही लागत, मग वेळ कशाला लागेल त्याला.

गुळाचा चहा. आता नाक्यानाक्यावर पाट्या लागल्यात 'गुळाचा चहा, आरोग्यदायी'. साखरेच्या चहाचा आणि ह्याचा माझा आकडा तीन-चारने इकडे तिकडे. गूळ पण उसाचाच की, त्यात लोह-बिह असेल थोडं पण बहुतेक सगळी साखरच असते. हे मी माझ्या धाकट्या जावेला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही कारण तिने पाच किलो सेंद्रिय गूळ आणून ठेवला होता.

थालीपीठ! ह्याच्यासाठी मी त्या मशीनला कुंकू लावणार होते. घरची भाजणी, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, थोडे गहू, थोडे तांदूळ, धने-जिरे, सगळं खमंग भाजून दळलेलं, त्यात भरपूर कांदा, मेथी चिरून, एक मध्यम थालीपीठ, भोक पाडून तेल सोडून, वर घरचं दही, १५२. लोणी पण घेतलं होतं, लपवत नाही.

आणि भाकरी. हे मला जरा जड जाईल लिहायला कारण माहेरचा प्रश्न आहे. आमची मंगळवेढ्याची ज्वारी, मालदांडी, तिला जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालाय २०१६ साली, मोत्यासारखा दाणा, भाकरी अशी पांढरीशुभ्र आणि मऊ की दुसऱ्या दिवशीही चिवट होत नाही. मला वाटायचं मी भाकरीवर आले की झालं, संपला डायबेटीस, माहेरचं रक्त आहे. दोन भाकऱ्या खाल्ल्या पिठल्याबरोबर आणि दोन तासांनी बघते तर २१८. मी मशीन खराब आहे म्हणून परत टोचलं. मग लेकीने वजनकाटा काढला, तो केकसाठी आणलेला. माझी एक भाकरी, आईने शिकवलेली, तव्याएवढी, तिला ८० ग्रॅम पीठ. आणि आमचा फुलका २५ ते ३० ग्रॅमचा. म्हणजे एक भाकरी जवळजवळ तीन फुलके, दोन भाकऱ्या सहा फुलके! ज्वारीत फायबर असतं, पोट भरलेलं राहतं, गहू नको असलेल्यांना तर वरदान, ते सगळं खरं आहे, पण पीठ ते पीठच. आता मी अर्धी भाकरी घेते, किंवा छोटी थापते, आई बघती तर म्हणाली असती ही भाकरी आहे का पुरी. तिच्याबरोबर एक वाटी झुणका, मेथीची पानं दाण्याचं कूट घालून, कच्चा कांदा बुक्की मारून, शेंगाची चटणी. आकडा १५५ च्या आसपास. पोट गच्च. आमच्याकडे शेतात दोन-दोन भाकऱ्या खाणारी माणसं दिवसभर उन्हात उभी असायची, मी डोंबिवली फास्टमध्ये उभी असते, ते उभं राहणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट, भाताची. शिजलेल्या भाताची एक वाटी, अगदी दीडशे ग्रॅमची, म्हणजे साधारण दोन फुलक्यांएवढं पिष्ट. आमच्याकडे पहिला भात एक मूद, मागचा भात एक मूद, आणि मध्ये पोळ्या. कागदावर लिहिलेलं भात बंद, पण कोकणातल्या घरात भात बंद म्हणजे काय तुम्हाला कल्पना नाही, माणूस जेवला असं धरतच नाहीत. आणि मलाही तो हवा असतो, विशेषतः मागचा. दिवसभराचं सगळं झाल्यावर शेवटी तो थंडगार ताकभात, मीठ, आणि बरोबर तळलेली सांडगी मिरची कुस्करून. त्याच्याशिवाय मला झोप नाही लागत.

मी कुठेतरी वाचलं होतं की जेवणात आधी भाजी आणि डाळी-मासे असं प्रोटीनचं खाल्लं आणि भात-पोळी शेवटी खाल्ली तर साखर कमी चढते, तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम उलटा. ह्यावर अभ्यास पण झालेत. म्हटलं करून बघू. एका दिवशी आपल्या पद्धतीने आधी वरणभात, मग एक फुलका भाजीबरोबर, मग उसळ, मग कोशिंबीर, १९८. दुसऱ्या दिवशी तेच सगळं, तेवढंच, मोजून, पण आधी काकडीची कोशिंबीर, मग चवळीची उसळ, मग एक फुलका भाजीबरोबर, आणि भात एकदम शेवटी. १६४. मी चार वेळा करून बघितलं, कधी पंचवीसचा फरक कधी पस्तीसचा, पण फरक प्रत्येक वेळी.

म्हणून मी पहिला भात सोडला आणि मागचा ठेवला. तो पण अर्धी वाटी.

सासूबाईंना हे सांगणं म्हणजे एक वेगळं प्रकरण. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांच्या मते भाताने सुरवात नाही केली तर अन्नाचा अपमान होतो. पहिल्या दिवशी मी कोशिंबिरीची वाटी पुढ्यात ओढली आणि वरणभात वाढलाच नाही, तर म्हणाल्या, 'अगं, नैवेद्याच्या ताटात तरी भात असतो, तू काय देवापेक्षा मोठी?' मी म्हटलं, 'आई, देवाची साखर कोणी तपासलीय.' त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांनी त्यानंतर माझ्यासाठी कुळथाची पिठी करायला घेतली. कोकणातली कुळथाची पिठी, लसूण आणि आमसुलाची, माझ्यासाठी जरा घट्ट ठेवतात, आणि ती मी वाटीतून चमच्याने खाते भाताशिवाय, हे त्यांना अजूनही पटत नाही पण करतात.

पथ्याचं पातेलं तेव्हाच कधीतरी बंद झालं. सगळ्यांना एकच. मी माझ्यासाठी काहीच वेगळं करत नाही, फक्त माझ्या ताटात भाजी-उसळीची बाजू मोठी आणि पोळी-भाताची बाजू छोटी असते, म्हणजे उसळ दोन वाट्या, पालेभाजी, कोशिंबीर, आणि फुलका एक. रोज काहीतरी मोडाचं भिजत असतं आमच्याकडे, मूग, मटकी, चवळी, हरभरे, पावसाळ्यात वालाचं बिरडं (ते सोलायला ह्यांना बसवते). रविवारी मासे, त्यात तर साखरेचा प्रश्नच नाही, फक्त रव्यात घोळवून तळत नाही, बांगडा नुसता हळद-मीठ-तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) लावून तव्यावर. सोलकढी दोन ग्लास. आणि जेवण झालं की ह्यांना घेऊन सोसायटीत पंधरा मिनिटं फिरायचं, पाऊस असेल तर पार्किंगमध्ये, सेक्युरिटीवाला हसतो आम्हाला. पण तेवढ्यानेच वीसेक आकडा खाली येतो, बघितलंय.

हां, ती दुसऱ्या गोळीची गोष्ट राहिली. गेल्याच्या गेल्या वर्षीची आषाढी. साबुदाण्याच्या खिचडीचा आकडा २४६ येऊन गेला होता म्हणून मी ठरवलं उपास करायचा तर कडक करायचा, नुसतं ताक आणि दोन खजूर. (साबुदाण्याचं एक सांगते, तो ज्या कंदाचा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर आला, आणि साबुदाणा बनतो तमिळनाडूत सेलमकडे, नुसता स्टार्च. शेंगदाणा, बटाटा, मिरची पण अमेरिकेच्या खंडांतूनच आलेले. म्हणजे विठोबाच्या नावाने आपण जे ताट भरून खातो त्यात आपलं काय तर तूप!) तर खाल्लं काही नाही आणि गोळ्या मात्र सवयीने घेतल्या. संध्याकाळच्या लोकलमध्ये ठाणे गेल्यावर हात थरथरायला लागले, दरदरून घाम, समोरची बाई काहीतरी बोलतेय पण कळत नाही. लेडीज डब्यातल्या बायकांनी खाली बसवलं, एकीने पर्समधून चॉकलेट दिलं, एकीने बाटलीतून लिंबू सरबत पाजलं, तेच कामाला आलं. घरी येऊन बघितलं तर ८१, म्हणजे सरबताआधी किती असेल. ७० च्या खाली गेलं की लगेच साखर घ्यायची, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून नाहीतर ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं, नाही वाढली तर परत. चॉकलेट बिस्किटांना तुपा-लोण्यामुळे वेळ लागतो. डॉक्टरांनी मग सांगितलं की मेटफॉर्मिन एकटं असं खाली पाडत नाही सहसा, पण ही दुसरी ग्लिमेपिराईड, ही उपाशी पोटाला चालतच नाही, उपास करायचा असेल तर आधी मला विचारायचं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं असं माझं मत आहे, आणि मी पण विचारायला हवं होतं. पुढे ती गोळी बंदच झाली. आता आषाढीला राजगिऱ्याची छोटी भाकरी, दाण्याची आमटी, काकडी, दही. वरीचा भात दोन चमचे.

औषधावरून आठवलं, शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका जांभळाच्या बियांची पावडर आणि कारल्याचा रस घ्यायला लागले आणि गोळ्या बंद केल्या, पायाची जखम चार महिने भरली नाही. मी कारलं खाते, आवडतं म्हणून, चिंच आणि भरपूर कांदा घालून परतून. मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी घेते. पण गोळी ती गोळी. रस पिऊन तोंड वाकडं केलं म्हणजे औषध घेतलं असं नाही.

गोडाचं सगळे विचारतात. शुगर फ्री मिठाई मी एकदा आणली, काजूकतली, चव ठीक होती पण त्याच्याआड मी सहा खाल्ल्या आणि काजू-तूप काय फुकट असतं का, शिवाय पोट बिघडलं ते वेगळंच. त्यापेक्षा गणपतीत मी खरे उकडीचे मोदक खाते, दोन. तांदळाची उकड, खोबरं, गूळ, सगळं मला नको असलेलंच आहे त्यात, म्हणून त्या दिवशी ताटात ना पोळी ना भात, वरण वाटीतून, भाज्या, आणि मग दोन मोदक फोडून त्यावर तूप. दोन तासांनी १८७ आला यंदा. थोडा वर. वर्षातून एकदा १८७ चालतो मला, डॉक्टरांनाही चालतो, विचारलं मी. पण दुसऱ्या दिवशी शिळे मोदक परतून खायचे ते मात्र बंद, कारण ते परत ओट्याशी उभ्याने खाल्ले जातात.

आणि आंबा. रत्नागिरीहून नात्यातली पेटी येते एप्रिल संपता संपता. आमरस-पुरी मी सोडली, कारण आमरसाला वाटीचा हिशोबच राहत नाही, प्यायलाच जातो तो. आता दुपारी चारला, जेवणापासून लांब, चहाबिहा काही नाही, अर्ध्या हापूसच्या फोडी बशीत घेऊन बाल्कनीत बसते. बसून. फोडी संपल्या की सालीला लागलेलं दाताने ओढून. कोय ह्यांना देते कारण ते त्यावरून भांडतात. त्या अर्ध्या आंब्याला मी वीस मिनिटं लावते, पूर्वी तीन आंबे खायचे तेव्हा एकाची पण चव आठवत नव्हती हे खरं सांगते.

एचबीएवनसी आता ६.८ आहे, दीड वर्ष झालं तिथेच आहे, मध्ये दिवाळीनंतर एकदा ७.१ झाला होता. २०२३ मध्ये तो मोठा अभ्यास आला ना आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आणि गोव्यात तर २६.४ टक्के म्हणजे चारात एक, तो पेपरात वाचून सासूबाई म्हणाल्या, मग तू एकटी नाहीस गं. आणि गंमत म्हणजे त्यांनी स्वतःचं पण तपासून घेतलं, आणि त्यांची एकदम नॉर्मल! आयुष्यभर दोन्ही वेळचा भात खाऊन. मी काही बोलले नाही. विहिरीचं पाणी ओढलंय त्यांनी, पाट्यावर वाटण वाटलंय, आणि आजही जेवण झालं की झाडू घेऊन अंगण नाही तर गॅलरी झाडतात.

परवा आमच्याकडे ह्यांची मामेबहीण जेवायला आली, ताटं मांडली, मी आमटीला उकळी आणत होते तेवढ्यात बाहेरून आवाज आला, सासूबाई वाढत होत्या, 'हिच्या ताटात भात नको गं आत्ता, हिचा मागचा.' वन्संनी विचारलं का म्हणून, तर सासूबाई म्हणाल्या आमच्याकडे तसंच असतं. मी आमटी घेऊन बाहेर आले तर त्यांनी स्वतःच्या ताटातली कोशिंबीर पण आधी संपवलेली, वर वरणभात कालवायला घेतला होता, तो नाही सोडणार त्या.

आता फक्त एकच अडचण आहे. सांडगी मिरची माहेरून यायची, आई होती तोपर्यंत दर उन्हाळ्यात डबा भरून, दह्यात मुरवलेली, मेथी-हिंग भरलेली. गेल्या वर्षी ती संपली. डोंबिवलीत दोन ठिकाणची आणून बघितली, एक नुसती खारट, दुसरी तळली की काळीठिक्कर. इतकं सगळं मोजूनमापून जो अर्धी वाटी भात ठेवलाय त्याच्याबरोबर मला चांगली मिरची हवीये. कोणाकडे घरी केलेली मिळत असेल तर सांगा, कल्याणपर्यंत येऊन घेऊन जाईन.